फुली म्हणजे सम नव्हे

मागच्या अंकात बासरीच्या फुंकीबद्दल लिहिताना ओघात शाकुहाचीचं, म्हणजे उभी धरून फुंकायच्या जपानी बांबूच्या बासरीचं, नाव लेखणीतून निसटलं. परिणाम असा, की या महिन्यात तबलेवाले, पेटीवाले सगळे मागे पडले आणि पत्रांच्या गठ्ठ्यात जपानी बांबूच वर आला. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा देतोय, कारण त्या पोरीने प्रश्न नेमका विचारलाय.

प्रश्न : आबा, माझा भाऊ पुण्याला एका जपानी कंपनीत आहे. तिथल्या एका साहेबांनी मायदेशी परतताना त्याला शाकुहाची दिली आणि सोबत तीन कागद. भावाला फुंकायचा कंटाळा, म्हणून सगळं माझ्याकडे आलं. मी बासरीची मध्यमा परीक्षा पूर्ण केली आहे. तिन्ही कागदांवरची अक्षरं साधारण सारखी दिसतात, पण मांडणी वेगळी. एकावर अक्षरांच्या दोन्ही बाजूंना ठिपके, दुसऱ्यावर आडव्या रेघांनी पाडलेले खण, तिसऱ्यावर ठिपके नाहीत, खणही नाहीत, नुसत्या कुंचल्याच्या लांब शेपट्या. सगळ्यांना लागू पडेल असा एकच तक्ता मिळेल का? (एक वाचक, शहादा)

उत्तर : नाही मिळणार, बेटा. तुझ्याकडचे तीन कागद तीन वेगळ्या घरांतले आहेत. लिपी एक, पण घर बदललं की खुणेचा अर्थ बदलतो.

आधी माझी फजिती ऐक. भुसावळला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात जन्म काढला. निवृत्त झाल्यावर शाकुहाची हाती घेतली, तेव्हा माझ्यासमोरही असाच कागद होता, ठिपक्यांचा. आपली स्वर लिहायची भातखंडे पद्धत माझ्या हाडीमाशी मुरलेली. एका अक्षराशेजारी बारीक फुली दिसली. फुली म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा! मी खूश. पुढे चार अक्षरांनी पुन्हा फुली, आणि लगेच तिला लागून तिसरी. म्हटलं, या लोकांचा ताल भलताच अवघड, सम वाटेल तेव्हा येते. बाजूचे ठिपके मी सप्तकाचे धरले, उजवीकडचे तार आणि डावीकडचे मंद्र. पंधरा दिवस या हिशोबाने घासलं. घरून शेरा आला, ‘शंटिंगच्या इंजिनाला सर्दी झाल्यासारखं वाजतंय.’

शेवटी जपानातल्या एका शिक्षकांना व्हिडिओवर वाजवून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग बासरी ओठांना लावून त्यांनी हळूच हनुवटी खाली झुकवली, सूर उतरला, आणि त्यांनी माझ्या कागदावरच्या फुलीकडे बोट दाखवलं. ती फुली नव्हतीच. ते त्यांच्या काताकाना लिपीतलं ‘मे’ हे अक्षर, ‘मेरी’ या शब्दाचं पहिलं. मेरी म्हणजे हनुवटी खाली घेऊन सूर उतरवणं. उलट हनुवटी वर उचलून चढवणं म्हणजे ‘कारी’. ठिपके निघाले मात्रांचे. मी ज्याला सप्तक समजत होतो तो त्यांचा ठेका होता.

त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण आपल्या घरातही हेच चालतं. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर बिंदू म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावर बिंदू म्हणजे मंद्र! भातखंड्यांची डोक्यावरची उभी रेघ मध्यमाला तीव्र करते, पलुस्करांची उभी रेघ स्वराला तार सप्तकात नेते. एकीकडे सम फुलीने दाखवतात. दुसरीकडे समेला १ चा आकडा आणि अधिकची खूण ‘खाली’ला, म्हणजे तालातल्या बिनटाळीच्या जागेला. पलुस्कर पद्धतीची जुनी वही भातखंडेवाल्याने न विचारता उघडली, तर तो अख्खी बंदिश उलट्या सप्तकात गाईल. धुळ्याच्या राजवाडे मंडळात मोडीचे जुने कागद वाचणारी माणसं बसतात. तीही आधी कागद कुठल्या दफ्तरातला आणि कुठल्या काळातला ते बघतात, अक्षर लावायला नंतर घेतात.

म्हणून आधी तुझे कागद ओळखू. वाचायची दिशा तिन्हींची एकच. ओळी उभ्या, वरून खाली, आणि पहिली ओळ उजव्या कडेची.

अक्षरं पाच-सहाच आहेत. चौकोनी खिडकीसारखं दिसतं ते ‘रो’, सगळी भोकं बंद. वर दोन थेंब आणि खाली वळलेला फटकारा तो ‘त्सु’, सगळ्यांत खालचं भोक उघडं. मास्तर वहीत ‘बरोबर’ची खूण करतात तशी दिसणारी ‘रे’, खालची दोन उघडी. वर तिरकी टोपी, मधे आडवी रेघ आणि खाली वाकडा पाय ते ‘चि’. त्यानंतरच्या सुराला ठिपकेवाले लोक खालच्या सप्तकात ‘री’ म्हणतात (दोन उभ्या रेघा, डावी आखूड) आणि वरच्या सप्तकात ‘हि’. खणवाले त्याच सुराला ‘हा’ म्हणतात, मधून उघडलेल्या छपरासारखं अक्षर. गंमत म्हणजे ठिपकेवाल्यांकडेही ‘हा’ आहे, पण त्याची बोटं वेगळी. तू एका घरचा तक्ता पाठ करून दुसऱ्या घरच्या कागदाला लावलास की पहिला अपघात इथेच होणार.

ठिपक्यांचा कागद किंको घराण्याचा. कुरोसावा किंको (१७१० ते १७७१) यांनी ठिकठिकाणच्या भिक्षूंकडून चिजा गोळा केल्या. त्या घराण्याच्या मूळ चिजा ३६ मानतात. त्या काळात शाकुहाची वाजवायचे कोमुसो, म्हणजे डोक्यावर बुरुडाच्या पाटीसारखी टोपली पालथी घालून चेहरा झाकलेले, भिक्षा मागत फिरणारे झेन पंथीय. वाजवणं ही त्यांची साधना. एकट्याने वाजवायचं, मग ठेका कशाला लिहायचा? पण १८७१ साली सरकारने त्यांचा फुके पंथच बंद केला. वादकांना पोटासाठी कोतो आणि शामिसेन या तारांच्या वाद्यांसोबत बसावं लागलं. तीन माणसं एकत्र वाजवणार म्हटल्यावर मात्रा मोजणं आलं, आणि अक्षरांच्या बाजूला ठिपके नांदू लागले. एक ठिपका या बाजूला, पुढचा त्या बाजूला. आपण मांडीवर हात एकदा पालथा आणि एकदा उताणा ठेवून मात्रा मोजतो, तसंच समज.

खणांचा कागद तोझान घराण्याचा. नाकाओ तोझान यांनी १८९६ मध्ये हे घराणं काढलं, आणि लिहिण्याची पद्धत पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन डोळ्यांसमोर ठेवून बांधली. म्हणून खण. अक्षराशेजारी एक उभी रेघ असली तर अर्धी मात्रा, दोन असल्या तर पाव. तिघांत वाचायला हाच सोपा. तू इथूनच सुरुवात कर.

तिसरा, शेपट्यांचा कागद. माझा जीव याच्यात अडकला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. हा बहुधा जुन्या एकल चिजांचा, ‘होनक्योकू’चा. यात मात्रा नाहीतच. एक ओळ म्हणजे साधारण एक श्वास. शेपटी लांब असेल तर सूर लांब, पण किती लांब ते तुझ्या छातीवर.

आम्ही कंट्रोलमध्ये गाड्यांचा चार्ट काढायचो. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची एक तिरकी रेघ. रेघ जितकी उभी, तितकी गाडी जोरात. रेघ आडवी पडली म्हणजे गाडी उभी आहे. नवा पोरगा विचारायचा, ‘साहेब, इथे गाडी का थांबली ते कुठे लिहिलंय?’ कुठेच नाही. ज्याने तो सेक्शन पायाखाली घातलाय त्याला घाट कुठे, चढ कुठे ते माहीत असतं, आणि चार्ट त्याच्यासाठीच असतो. होनक्योकूचा कागदही चीज ऐकलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. सूर खालून घासत वर आणायचा (त्याला ‘नायाशी’ म्हणतात, आपल्या मींडेची चुलत बहीण) ते कधी लिहिलेलं असतं, कधी गृहीत धरलेलं. एकच सूर लागोपाठ दोनदा आला तर जिभेने तोडायचा नाही, भोकावर बोट आपटून वेगळा करायचा. कुठलं बोट, तेही बऱ्याचदा गुरूकडूनच कळतं. म्हणून आधी ती चीज पन्नास वेळा ऐक, मग कागद हातात घे. आपणही बंदिशीच्या पुस्तकातून ख्याल शिकत नाही. शिकलेला ख्याल विसरू नये म्हणून पुस्तक उघडतो.

आणखी दोन खड्डे दाखवून ठेवतो. सप्तक बदलतं तिथे बाजूला एक खूण येते. आपल्या मराठी २ सारखी वळलेली दिसली तर ‘ओत्सु’, खालचं सप्तक. दांडी लावलेल्या चौकटीच्या खिडकीसारखी दिसली तर ‘कान’, वरचं. ही खूण प्रत्येक अक्षराला नसते. एकदा आली की पुढची खूण येईपर्यंत तिचाच अंमल. रुळाशेजारी वेगमर्यादेचा बोर्ड लागला की ‘टी’चा बोर्ड दिसेपर्यंत ड्रायव्हरने वेग वाढवायचा नसतो, अगदी तसं. पान उलटताना कुठल्या सप्तकात होतो ते पेन्सिलीने कोपऱ्यात लिहून ठेवत जा.

दुसरा खड्डा ‘कोरोकोरो’. कागदावर को-रो-को-रो असं लिहिलेलं दिसेल. त्यातली ‘रो’ची खिडकी पाहून तू सगळी भोकं बंद करशील. करू नकोस. तो सूर नाही, आवाजाचं वर्णन आहे. खालच्या दोन भोकांवर बोटं आलटून पालटून नाचवली की पाण्यातून बुडबुडे यावेत तसा आवाज निघतो, त्याचं नाव कोरोकोरो. आपल्याकडे तबल्याचा ‘धिरधिर’ कोणी स्वर म्हणून वाचत नाही ना, तसं.

आणि एखाद्या दिवशी चौथाच कागद हाती आला, त्यावर रो-त्सु-रेच्या जागी फु-हो-उ अशी अक्षरं दिसली, तर घाबरू नकोस. ती जुनी पद्धत आहे, चिकुहो घराण्याने ती चालू ठेवली. बांबू तोच, बारसं वेगळं.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवतो. रो म्हणजे सा धरून या जपानी चिजांची सरगम लिहून काढली तर मुलांना बासरीवर बसवता येतील का? (संगीत शिक्षक, चोपडा)

उत्तर : गुरुजी, लिहून काढता येईल, आणि काढाच. पण आधी एक गोष्ट मनात पक्की करा, की ही अक्षरं बोटांची आहेत, सुरांची नाहीत. नेहमीची शाकुहाची एक शाकू आठ सुनांची (शाकू आणि सुन ही त्यांची लांबीची मापं, हाची म्हणजे आठ), म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर. नावही त्यावरूनच पडलं. तिचा ‘रो’ पाश्चात्त्य डी. पण दोन शाकू चार सुनांची लांब शाकुहाची घेतली तर तोच ‘रो’ ए होतो, आणि एक शाकू सहा सुनांची आखूड घेतली तर ई. कागद बदलत नाही. आपला सा जसा काळी एकला किंवा पांढरी चारला बसतो, तसा त्यांचा रो बांबूच्या लांबीप्रमाणे बसतो. तेवढ्यापुरतं तुमचं रो म्हणजे सा बरोबर आहे.

आता खालून एकेक भोक उघडत जा. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. वर्गात हे वाजवलं तर पहिल्या बाकावरचा पोरगा ‘राग धानी!’ म्हणून ओरडेल, आणि त्याला शाबासकी द्या. पण चीज सुरू झाली की चित्र पालटतं. त्सुची मेरी केली, म्हणजे हनुवटी झुकवली आणि भोक अर्धवट झाकलं, की कोमल रे. री-ची (वरच्या सप्तकात हि-ची) मेरी केली की कोमल ध. सा, कोमल रे, म, प, कोमल ध. गुरुजी, ही तर आपली गुणक्री! जपानी संगीतात या पाच सुरांची जात फार वापरात आहे. मला पहिल्यांदा हे उमगलं तेव्हा मी तापीच्या पुलावर सकाळी फिरायला गेलो होतो, आणि घरी येईस्तोवर गुणक्री आणि त्यांची चीज यांची मनात सारखी गल्लत होत राहिली.

गल्लत होते, पण एक होत नाहीत. त्यांचा मेरीचा सूर नुसता उतरलेला नसतो. तो मिटलेला असतो, दबका, जणू खोलीचं दार लोटून घेतल्यासारखा. सरगमेत तुम्ही रे लिहाल, खाली आडवी रेघ द्याल, आणि मुलगा आपल्या बासरीवर खणखणीत कोमल रे वाजवेल. सूर बरोबर, चीज गेली. म्हणून रेघेशेजारी ‘झाकून’ असं मराठीत लिहून टाका. मी तेच करतो.

बोटांचाही घोटाळा होईल. आपल्या आडव्या बासरीवर सगळी भोकं बंद केली की मंद्र पंचम लागतो, वरची तीन बंद केली की षड्ज. शाकुहाचीवर सगळी बंद म्हणजे रो, आणि त्यालाच तुम्ही सा म्हणालात. मुलांना अक्षरं शिकवून बासरी हातात दिली तर ती रो पाहून सगळी भोकं झाकतील आणि अख्खी चीज पंचमावर सरकेल. त्यांना फक्त सरगम द्या. अक्षरांचा कागद भिंतीवर चिकटवा, बघायला.

प्रश्न : आबा, मनी शाकुहाची तडकी गयी. मुलाने बाहेरदेशातून आणली होती. एप्रिलात रात्री टक्कन आवाज झाला, सकाळी पाहतो तर मागच्या अंगठ्याच्या भोकापासून चीर. फेकून देऊ का? (अमळनेर)

उत्तर : फेकू नका भाऊ. माझीही अशीच गेली होती. तो मादाके जातीचा बांबू, मुळाजवळचा जाड भाग, दमट हवेत वाढलेला. आणि आपला एप्रिल म्हणजे बाहेर ४४, आणि घरात कूलर लावला तर भिंतीला पाणी, बंद केला तर खाकरा. एवढ्या चढउतारात बांबूच काय, माणूससुद्धा तडकतो. चीर बारीक असेल तर ती पूर्ण मिटेपर्यंत मजबूत नायलॉनचा दोरा तिच्यावर आवळून गुंडाळतात. तीन-चार ठिकाणी असे पट्टे आले की बासरी वर्षानुवर्षं चालते, जुन्या जपानी बासऱ्यांवरही असे पट्टे दिसतात. पहिला पट्टा जाणत्या माणसाकडून बांधून घ्या. पुढे वाजवून झालं की आतून कोरड्या कापडाने पुसा आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवा. पिशवी कूलरसमोर नको, गच्चीखालच्या खोलीत तर नकोच. पितळी डब्यांची मांडणी असते ना, तिच्या खालचा कप्पा बरा.

प्रश्न : सातपुड्यातल्या बांबूची शाकुहाची बनेल का? आमच्याकडे बांबू भरपूर आहे. (धडगाव)

उत्तर : तुमच्याकडे जास्त असतो तो मानवेल, आतून जवळजवळ भरीव. लाठीला उत्तम, फुंकायला नाही. आत पोकळी कोरता कोरता तुमची पावरी वाजवून होईल. आधी प्लंबरकडून पीव्हीसीचा तुकडा आणा, आतून साधारण २० मिलिमीटर पोकळ, लांबी ५४.५ सेंटिमीटर. एका तोंडाला बाहेरच्या अंगाने तिरका छेद घ्या आणि कानशीने कड साफ करा. भोकं पाडायची घाई नको. महिनाभर त्या बिनभोकाच्या पाइपातून एकच सूर निघतोय का ते बघा. तो निघाला की कागदावरचं पहिलं अक्षर, ती खिडकी, तुम्हाला वाचता आलं.